मंगळवारी त्याला संपवते

१० जानेवारी

दादा,

तुमच्या दगडखाणीच्या नियमांना शिव्या देतच हे लिहायला बसलेय. सुरुंगाजवळ मोबाइल नको हे समजतं, पण गेटवर जमा केलेला तो डबा रविवारी तरी उघडत जा. उघडलास तरी तुला फोनवर ऐकू येणार नाही म्हणा. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या मजल्याला आपल्या घरच्या भानगडी ऐकवायच्या. त्यापेक्षा पत्र बरं.

मशीन आलं. गेल्या वेळी लिहिलं होतं तेच, यकृतातली कॅन्सरची गाठ फोडायचं. तुला आवडेल, तुझ्याच धंद्यातलं आहे. फरक एवढाच की आम्ही भोक पाडत नाही. माणसाला भूल देऊन आडवा करतात, पोटावर पाण्याची पिशवी ठेवतात आणि वरून आवाजाच्या लहरी सोडतात. आवाज म्हणजे कानाला ऐकू येतो तसला नाही, त्याच्या कितीतरी वरचा. त्या सगळ्या लहरी आत एकाच ठिकाणी, हरभऱ्याएवढ्या जागेत गोळा होतात, तिथे बारीक बारीक बुडबुडे उठतात आणि फुटतात. सेकंदाला शेकड्यांनी. गाठीतली एकेक पेशी फाटते. भाजायचं नाही, कापायचं नाही, नुसतं तडातडा फाडायचं. गाठीचा पातळ चिखल होतो आणि तो चिखल शरीर महिना-दोन महिन्यांत स्वतःच पिऊन टाकतं. कातडीवर ओरखडा नाही. कुठे फोडायचं त्याच्या खुणा पडद्यावर मोठे डॉक्टर करतात, मशीनचा हात मी चालवते. सगळ्या टेक्निशियनमधून मला निवडलं, म्हणून घरी दोन दिवस माझं नाक वर होतं. नवरा म्हणाला, ‘जरा खाली घे, पंख्याला लागेल.’

आता मुद्द्याचं लिहिते. इतका वेळ टाळत होते.

तो आलाय.

कोण ते तुला सांगायला नको. आपण त्याला कधी बाबा म्हटलंच नाही. आई, तू, मी, तिघंही नुसतं ‘तो’. ‘तो आला’, ‘तो जेवला’, ‘तो झोपलाय, हळू बोल.’ सोमवारी फाइल उघडली तर वर त्याचं नाव. जन्मतारीख तीच. बावीस वर्षांत अर्धा झालाय, डोळे पिवळे पडलेत, पण आवाज तसाच. नर्सला म्हणाला, ‘ए, पाणी आण.’ मी मास्कमध्ये, डोक्याला टोपी, लग्नानंतरचं आडनाव. त्याने मला ओळखलं नाही. यकृतात दोन गाठी आहेत. त्यातली मोठी आधी फोडायची, म्हणजे मी फोडायची.

अजून कुणाला सांगितलेलं नाही. तो माझा कोण हे सांगितलं तर मला त्या केसवरून काढतील. न सांगितलं तर तो माझ्या हाताखाली येईल. काय करू?

चिंगी


१७ जानेवारी

चिंगे,

पाण्याच्या टँकरबरोबर तुझं पत्र आलं. तीनदा वाचलं. मग जेवण गेलं नाही.

तू विसरली असशील तर आठवण करून देतो. तू तेव्हा पलंगाखाली असायचीस, तुला फक्त पाय दिसायचे. मला सगळं दिसायचं. गॅरेजमधला पाना हरवला म्हणून त्याने माझ्या डाव्या कानावर दिली. मी बारा वर्षांचा होतो. कानातून रक्त उशीवर तीन दिवस येत होतं. इंजिनाच्या पट्ट्याने मारायचा तेव्हा मला मोठ्याने मोजायला लावायचा. आकडा चुकला की पुन्हा एकपासून. आईचा हात त्याने दारात धरला आणि दार लावलं. रागात नाही. सावकाश लावलं. हाड मोडल्याचा आवाज मला उजव्या कानाने ऐकू आला, तो कान तेव्हा पुरता शाबूत होता.

परवा इथे एकाने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो येतोय हे मला ऐकू आलं नाही. वळलो आणि त्याचं नाक फोडलं. बिचारा चहा देत होता. मुकादम म्हणाला, ‘तुला सुरुंगाच्या जागी भरायला हवं.’ सगळे हसले, मी पण हसलो. रात्री हात धुताना हसू आलं नाही.

सुट्टी टाक. आजारी पड, काहीही कर, त्या केसवर राहू नको. दुसरं कुणी करेल, नाहीतर नाही करणार. सावकाश मरू दे त्याला. त्यालाही सावकाशच आवडायचं.

दादा


२७ जानेवारी

दादा,

घाईत लिहितेय, पेटीतलं टपाल आता नेतील.

ठरलं. येत्या मंगळवारी सकाळी दहाला त्याला संपवते. मीच. डॉक्टर दुसऱ्या टेक्निशियनला देऊ म्हणत होते, मी म्हटलं नाही, हा माझा आहे. सगळं मिळून पाऊण तासाचं काम. बाहेरून ओरखडा दिसणार नाही, आतून चिखल. आणखी थांबण्यात अर्थ नाही, रोज वाढतोच आहे. मी इथे कुणाला काही बोललेले नाही. सुट्टी टाक म्हणालास, पण मी शांतपणे विचार करून ठरवलंय. हात थरथरणार नाही. झालं की कळवते.

जेवत जा.

चिंगी


३१ जानेवारी

चिंगे,

नाही. तू नाही.

तुझी चिठ्ठी वाचून मी खडीच्या ढिगावर तासभर बसून होतो. मी सुट्टी टाक म्हटलं होतं, खून कर म्हटलं नव्हतं. ‘रोज वाढतोच आहे’ लिहिलंस. त्याचा माज कसा वाढतो ते मला माहीत आहे. तिथे पडल्या पडल्याही नर्सच्या अंगावर जात असेल. पण तू?

तुझी मुलगी सात वर्षांची आहे. तुला वाटतं ओरखडा दिसला नाही म्हणजे कुणाला कळणार नाही. अगं, मशीन आहे ते, कुठे किती वेळ चालवलंस हे सगळं त्यात राहत असेल. मोठे डॉक्टर काय डोळे मिटून बसतात? तुला आयुष्यभर आत टाकतील, आणि तोच पुन्हा जिंकेल. मेल्यावरसुद्धा.

करायचंच असेल तर मी करतो. माझ्या मागे कोणी नाही. मोठा मी आहे, आणि मार जास्त मीच खाल्लाय.

टँकर आता निघतोय, त्यात जागा नाही म्हणून हे पत्र पुढे पाठवतो. मी उद्या खडीच्या ट्रकने निघून सोमवारी पोचतो. मंगळवारच्या आत. तू मशीनला हात लावायचा नाहीस.

दादा


५ फेब्रुवारी

दादा,

वकीलबाईंच्या फाइलमध्ये घालून हे पाठवतेय, म्हणजे तुरुंगात मधे कुणी वाचणार नाही. त्यांनी मला खडसावलंय, पण त्या चांगल्या आहेत.

तुझं ३१ तारखेचं पत्र मला काल मिळालं. काल! तू सोमवारी भेटायच्या वेळेत, चार वाजता, वॉर्डात शिरलास तेव्हा मी दोन मजले खाली मशीनच्या हाताची तपासणी करत होते. धावत वर आले तोवर तुला चौघांनी जमिनीवर दाबून धरलं होतं आणि तुझ्या बुटावर रक्त होतं. मी मास्कमध्ये होते. तू माझ्याकडे बघून ओरडलास, ‘आता तुला काही करायला नको!’ सगळ्यांना वाटलं तू त्यालाच म्हणालास.

मला काही कळेना. दोन दिवस मी वेड्यासारखी फिरत होते की माझा भाऊ असा अचानक का आला. काल पत्र फोडलं आणि खाली बसले.

दादा, मी ट्यूमर संपवणार होते. ट्यूमर! इथे आम्ही सगळे ट्यूमरच म्हणतो. ‘तो चार सेंटीमीटरचा आहे’, ‘तो शिरेला चिकटलाय’, ‘त्याला मंगळवारी घेऊ.’ दिवसभर तेच तोंडात असतं. रोज वाढतोच आहे म्हणजे ट्यूमर वाढतोय. हा माझा आहे म्हणजे ही केस माझी. मी ठरवलं होतं की त्याला बरा करायचा, इतर कुणालाही करते तसा. त्याच्यासाठी माझा हात बिघडवायचा नाही. हे मी तुला लिहिलं असं मला वाटत होतं. आणि तू वाचलंस ते वाचलंस.

पण आणखी एक गोष्ट आहे. पहिल्या पत्रात मी ‘गाठ’ लिहिलं होतं. ती. तुला लिहिताना गाठच येते, घरातला शब्द आहे. मग दुसऱ्यात ‘त्याला’ का लिहिलं? काल रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं. घाईत होते एवढंच सध्या लिहिते.

आता नीट वाच. त्याच्या तीन बरगड्या मोडल्यात, जबडा सुजलाय आणि पोटात थोडं रक्त साचलंय. ती गाठ यकृताच्या अगदी कडेला आहे. तुझा एक ठोसा तिच्यावरच बसला. डॉक्टर म्हणतात, ती आतून फुटली तर तो रक्त जाऊन मरेल, आणि मेला तर तुझ्यावरचं कलम बदलेल. आत्ता मारहाण आहे, मग खून. त्याने पोलिसांना नाव सांगितलंय. तुला पहिल्या क्षणी ओळखलं त्याने. ‘माझा मुलगा आहे, मला मारायलाच आला होता.’

म्हणून आता त्याला जगवायचंय. तुझ्यासाठी. गुरुवारी, १२ तारखेला, रक्त थांबलेलं असलं तर मी ती गाठ फोडते. गाठ लिहिलंय, नीट बघ.

चिंगी


९ फेब्रुवारी

चिंगे,

बघितलं. गाठ.

तू ‘त्याला’ लिहिलंस, मी दुसरं काय वाचणार? आपल्या घरात त्या शब्दाचा अर्थ एकच होता. चूक झाली असेल तर दोघांची अर्धी अर्धी.

काय झालं ते सांगतो, तू विचारलं नाहीस तरी. तो पडून होता. मी आत गेल्यावर म्हणाला, ‘आलास होय रे बहिऱ्या.’ बावीस वर्षांनी हे. पहिला बरगड्यांत मारला. मग खाली ओढला, सुईची नळी उपटून आली. मग लाथा. त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि गुडघे पोटाशी. तसं मी करायचो. ते बघून मी थांबलो असं लिहायला मला आवडलं असतं. थांबलो नाही. त्या चौघांनी थांबवलं.

इथे बरा आहे. कुणी मागून आलं तर ऐकू येत नाही म्हणून भिंतीला पाठ लावून बसतो.

गुरुवारी नीट कर.

दादा


२१ फेब्रुवारी

दादा,

सुटलास! वकीलबाईंनी फोन केला तेव्हा मी एक्स-रेच्या रांगेसमोर सगळ्यांदेखत रडले. थेट खाणीवर गेलास असं कळलं, म्हणून हे तिथेच पाठवतेय. आधी घरी आला असतास तर भाचीने तुझे पाय दाबले असते. असो.

गुरुवारी काय झालं ते आता सांगते. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही.

भूल देण्याआधी मला नाव, जन्मतारीख विचारून खात्री करावी लागते. नियमच आहे. मग मी नियमात नसलेलं विचारलं, ‘घरी कोण आहे?’ तो म्हणाला, ‘एक मुलगा. आता आत सडेल.’ मी विचारलं, ‘मुलगी?’ तर हसला. सुजलेल्या जबड्यानेसुद्धा हसला. म्हणाला, ‘एक होती रडकी. पलंगाखाली लपायची. पाय धरून ओढून काढावी लागायची, कुत्र्याचं पिल्लू काढतात तशी.’

मी मास्क खाली केला.

वाकले, अगदी त्याच्या तोंडाशी, आणि हळू म्हटलं, ‘तीच मी. आज मशीन माझ्या हातात आहे.’

त्याने हात उगारला. सुई टोचलेला हात, दादा, अंगात जीव नाही, तरी पहिलं काय केलं तर हात उगारला. मी मनगट धरलं. लहानपणी तो हात खाली यायला लागला की मला वाटायचं छप्पर खाली येतंय. आता त्याला वजनच नव्हतं. धरून टेबलावर दाबला, नळीतून रक्त उलटं वर चढलं तरी सोडला नाही, आणि पट्टा बांधला. मग तो ओरडला. ‘हिला बाहेर काढा! ही मला मारेल! ही माझी…’ भूल देणारे डॉक्टर वळेपर्यंत मी मास्क वर केला होता. ते म्हणाले, ‘घाबरतात हो आजोबा, होतं असं’, आणि औषध सोडलं. झोप यायला वीस सेकंद लागले. ते वीस सेकंद तो माझ्याकडे बघत होता. आपण आता उठणार नाही अशी त्याची खात्री होती. आईचे डोळे रोज संध्याकाळी पाचला, त्याच्या गाडीचा आवाज आला की तसे व्हायचे.

मला बरं वाटलं. खोटं का लिहू? कितीतरी वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग पडद्यावर गाठ आली. तिच्या बाजूला बोटभर अंतरावर मोठी शीर. डॉक्टरांनी खुणा केल्या आणि माझ्याकडे मान हलवली. हात एक सेंटीमीटर सरकवला असता तर काय झालं असतं, हा विचार आला. आला आणि बराच वेळ बसून राहिला. मग तुझा विचार आला, आणि मी चालू केलं. पिशवीतल्या पाण्यातून तडतड ऐकू येते, गरम तव्यावर थेंब पडावेत तशी. पडद्यावर पांढरा ढग उठतो आणि त्याच्यामागे सगळं काळं होत जातं. अडतीस मिनिटं मी तिला फाडत होते. कडेपासून कडेपर्यंत, एक कोपरा सोडला नाही. शिरेला धक्का नाही. नंतर डॉक्टर म्हणाले, इतकं स्वच्छ काम त्यांनी बघितलं नव्हतं.

तो उठला. डोळे उघडल्यावर आधी स्वतःचं पोट चाचपलं.

दुसऱ्या दिवशी मी फेरीला गेले. मास्क लावून, बाकीच्यांबरोबर. त्याने खालच्या आवाजात विचारलं, ‘दुसरी गाठ कधी?’ मी म्हटलं, ‘सहा आठवड्यांनी. २६ मार्चला. मीच करणार.’ एवढंच. त्याच दुपारी त्याने पोलिसांना बोलावून घेतलं आणि जबाब बदलला. पलंगावरून पडलो, मुलगा उचलायला आला होता, औषधाच्या गुंगीत भलतंच बोललो. हॉस्पिटललाही बोभाटा नकोच होता.

बघ, तुला मी सोडवलं. आणि तुझ्यासारखं कुणाचं बोटही न मोडता!

चिंगी


१ मार्च

चिंगे,

तुझं पत्र आलं. तुझे उपकार मानायला बसलो आणि मला जमेना.

मी मारलं तेव्हा मला काही वाटलं नाही. ना बरं, ना वाईट. तुला बरं वाटलं. तू तसं लिहिलंस, आणि पुढे लिहिलंस की तू मुद्दाम परत गेलीस आणि पुन्हा तेच केलंस, दोन शब्दांत, सावकाश. त्याला घाबरताना बघायला. कुत्र्याच्या पिल्लासारखी ओढायचा ना तुला? आता तो पिल्लू आहे आणि पाय तुझ्या हातात आहे.

मला मारामारी करता येते, चिंगे, पण घरात बसून रोज थोडं थोडं घाबरवणं मला कधी आलं नाही. ते त्यालाच यायचं. मला वाटायचं त्याचा राग माझ्यात आलाय आणि तू सुटलीस. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा तुझी भीती वाटली. तुझी मुलगी सात वर्षांची आहे हे मी मागे तुरुंगाच्या धास्तीने लिहिलं होतं. आता वेगळ्या कारणाने लिहितो.

२६ मार्चला त्या खोलीत जाऊ नको. मला परत आत टाकतील म्हणून नव्हे. टाकू देत.

रागावलीस तर रागाव. पण उत्तर दे.

दादा


१९ मार्च

दादा,

रागावले. दोन आठवडे तुला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की तुझा उरलेला कानही गेला असता. एक पत्र लिहून फाडलं. त्यात तुला खूप लागेल असं होतं.

गेल्या मंगळवारी मुलीच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं. मी नुसती तिच्याकडे वळले, हात पदराला पुसत होते, दुसरं काही नाही. ती दोन पावलं मागे सरकली. मी आजवर तिला चापटसुद्धा मारलेली नाही, हे तू जाणतोस. तरी सरकली. माझ्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक.

बुधवारी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. तो माझा कोण, मी लपवलं, मास्क खाली केला, काय बोलले. तुझं पत्र सोडून सगळं. ते पेन उघडत-मिटत ऐकत होते. मग म्हणाले, ‘काम उत्तम केलंत आणि फार वाईट केलंत.’ मशीन माझ्याकडून काढून घेतलं. पुढे चौकशी होईल, नोकरी राहील असं वाटतंय. सध्या तळमजल्यावर हातापायांचे एक्स-रे काढते. २६ तारखेला दुसरी टेक्निशियन करणार आहे. ती चांगली आहे, हात हलका आहे तिचा. मी त्या मजल्यावरही नसेन.

रुग्णाला हा बदल कळवायला हवा, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, मी कळवते.

कळवलेलं नाही, दादा. तो आज रक्त तपासायला आला होता, पुढच्या गुरुवारी पुन्हा येईल तो थेट टेबलावरच. माझ्या खिडकीसमोरून जावं लागतं. मला बघितलं की काठी थांबते. आज जवळ आला, टोपी काढली आणि विचारलं, ‘सव्वीसला तुम्हीच ना?’

मला तुम्ही म्हणतो.

मी म्हटलं, ‘हो. मीच.’

बाकी सगळं सोडलं, तू म्हणालास तसं. एवढा एक आठवडा मला राहू दे.

चिंगी